पहाऱ्याचं दुखणं

माणूस पाण्यात पालथा पडला होता. डोक्याच्या डाव्या बाजूने रक्त येत होतं. लाट आली की ते पातळ व्हायचं आणि वाळूत जिरायचं. वल्हं माझ्या हातात होतं. त्याला कोणी उचलत नव्हतं, कारण मी कोणाला जवळ येऊ देत नव्हते. जो पुढे येईल त्याच्यावर वल्हं उगारत होते आणि ओरडत होते, "पिशवीकडे जाव नकात! पिशवी फुटतली!"

पिशवी माडाच्या मुळाशी होती. भाजी आणायची साधी कापडी पिशवी.

त्या वेळी रापण ओढायला तीसेक माणसं होती. सगळ्यांनी दोरी सोडली. भरल्या जाळ्याची दोरी आमच्याकडे कोणी सोडत नाही. बाप गेल्याचा निरोप आला तरी जाळं कडेला लागेपर्यंत ओढतात आणि मग रडतात. त्या दिवशी सोडली.

माझा मुलगा विनायक मागून आला आणि त्याने मला कमरेला धरून वाळूत पाडलं. माझ्या छातीवर गुडघा ठेवून तो ओरडला, "आये, पोलीस आसा तो! ड्रिल आसा! काल सांगलेला मां तुका!"

सांगितलं होतं. आदल्या दिवशी सकाळी चौकीचा पोलीस आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहून सांगून गेला होता की दोन दिवस ड्रिल आहे, आमचीच माणसं अतिरेकी बनून किनाऱ्यावर उतरतील, तुम्ही ओळखा आणि आम्हाला फोन करा. मी त्याला चहा दिला होता. मला सगळं माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं.

दोघांनी त्या माणसाला उलटा केला. तोंडात वाळू होती. बोटं घालून वाळू काढली. तो श्वास घेतो की नाही ते मला दिसलं नाही, कारण विनायकने माझं डोकं दुसरीकडे वळवून धरलं होतं. मग त्याला टेम्पोत घालून नेलं.

दोरी

रापण काय ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. होडीने जाळं समुद्रात लांब गोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढतात. ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कोणी का असेना. माहेरी आलेली मुलगी लावते, वाटेने जाणारा पोस्टमन लावतो. दोरीवरच्या माणसाला नाव विचारायचं नाही. हा आमचा जुना शिरस्ता आहे, आणि पोलिसांच्या ड्रिलमध्ये त्या पोराने डोकं चालवून नेमका तोच धरला. होडीने येऊन कुठल्या तरी खाडीत लपण्याऐवजी तो सरळ चालत आला, पिशवी ठेवली आणि दोरीला हात घातला. कोणी काही विचारलं नाही. वाडी हरली होती आणि तो जिंकला होता.

फक्त पिशवी ठेवताना तो मला म्हणाला, "मावशे, पिशवीर जरा नजर ठेवा हां."

एवढंच म्हणाला. मी सुकी मासळी वाळत घालत होते. मी उठले, वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीतून वल्हं घेतलं, त्याच्या मागे गेले आणि मारलं. एकच मारलं. माझं वय सत्तरच्या पुढे आहे, पण चाळीस वर्षं डोक्यावरून मासळीच्या टोपल्या वाहिलेल्या मानेचं आणि खांद्यांचं बळ जात नाही.

पिशवीत एक लाकडी खोका होता. त्यावर कागद चिकटवलेला, आणि कागदावर पेनने लिहिलेलं, बॉम्ब. खोक्याखाली त्याचा जेवणाचा डबा होता.

मुंबईतली बॅग

आता मागचं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी वेडी होती.

बऱ्याच वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मोतीबिंदूसाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी होती. सकाळी दहाच्या सुमारास कोकणात जाणाऱ्या गाड्या सुटतात तिथे बाकावर बसलो होतो. एक माणूस आला, चांगल्या कपड्यातला, आणि पायाशी बॅग ठेवून म्हणाला, "मावशी, बॅगेवर लक्ष ठेवा, पाणी घेऊन येतो."

आमच्याकडे कोणी सामानावर नजर ठेवायला सांगितलं तर त्या सामानाला आपण बांधले जातो. धनी परत येईपर्यंत हलायचं नाही. मला लघवीला जायचं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "हयसून हलू नकात. त्या माणसाची बॅग आसा."

तो माणूस जन्मभर माझं काही ऐकला नाही. डॉक्टरने वर्ज्य केलेलं खायचा, नको म्हटलेल्या वाऱ्यात होडी घालायचा. म्हणाला, "जा गो, मी खंय पळतंय? एका डोळ्यान बघतंय तुझी बॅग."

बॅग फुटली तेव्हा मी भिंतीच्या पलीकडे होते. मला खरचटलंही नाही. कान बंद झाले, एवढंच.

त्यानंतर दोन दिवस मला सगळे सांगत होते, बरे आसत, इस्पितळात आसत, डॉक्टर भेटूक देणत नाय. दीर सांगत होता, मुलगी सांगत होती, शेजारीण सांगत होती. तिसऱ्या दिवशी मला न्यायला गाडी आली आणि तिच्यात पुढच्या सीटवर भटजी बसले होते, तेव्हा मला कळलं.

मी त्या बॅगेला पहारा बसवला होता. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही. लोकांना एवढंच माहीत होतं की मी बाजूला गेले म्हणून वाचले.

शाल

पुढे काही वर्षांनी समुद्रातून माणसं मुंबईत उतरली आणि मग आमच्या किनाऱ्याचे दिवस बदलले. खलाशांना फोटोची कार्डं आली. होड्यांवर नंबर आले. चौकी आली, गस्तीची बोट आली. शाळेत बैठक झाली आणि साहेबांनी सांगितलं, तुम्हीच किनाऱ्याचे डोळे आणि कान. अनोळखी माणूस, बेवारस वस्तू, वेगळी होडी दिसली की कळवा.

बाकीचे ऐकून घरी गेले. मी घरी जाताना वही विकत घेतली.

मी चौथी शिकलेली आहे, आकडे आणि नावं येतात. सकाळी उजाडल्यापासून मी माडाखाली बसायचे. कुठली होडी कधी गेली, कधी आली, किती माणसं गेली, किती आली. परवान्याच्या नंबरातला एक आकडा पुसट दिसला तरी मी पाण्यात उतरून बघायचे. बाहेरचे खलाशी असले की कार्ड मागायचे. बायका मला पोलीसबाय म्हणायच्या. "पोलीसबाये, माझ्या टोपलेत बांगडे आसत, बघतंस काय मोजून?" त्यांच्या हसण्याचं मला काही वाटत नव्हतं. मला वाटायचं, हसा, तुमच्यासाठीच जागते आहे.

एकदा माझ्या वहीमुळे चोरून मासेमारी करणारी एक बोट सापडली. चौकीत झेंडावंदनाला बोलावून मला शाल आणि नारळ दिला. साहेब म्हणाले, या आजींचा आदर्श घ्या. फोटो काढला. तो फोटो आमच्या ओटीवर लागला.

तेच वाईट झालं. एखाद्याला ताप आला तर लोक कपाळाला हात लावून बघतात. माझा ताप वाढत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

घरात काय चाललं होतं ते शाल देणाऱ्यांना माहीत नव्हतं. पाहुणा आला की तो आंघोळीला गेल्यावर मी त्याची बॅग उघडायचे. नातीला मी जत्रेला जाऊ दिलं नाही, एका वर्षी नाही की दुसऱ्या वर्षी. रात्री दाराच्या कडीला पितळेचा तांब्या अडकवायचे, म्हणजे कोणी हात लावला तर वाजेल. वारा सुटला की तो वाजायचा आणि सगळं घर उठायचं. माझ्या सुनेच्या, लताच्या भावाने एकदा शिरोड्याहून येऊन मिठाईचा खोका ओटीवर ठेवला आणि तो परसात गेला. मी तो खोका विहिरीत टाकला. तो भाऊ परत आला नाही.

मुलाने देवाला गाऱ्हाणं घातलं. कोणाची नजर, कोणाची करणी, सगळं विचारून झालं. डॉक्टरकडे न्यावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी आजारी आहे हे मला कसं कळणार? मला वाटायचं, बाकीचे झोपलेले आहेत.

चौकशी

मारल्यानंतर मला चौकीत नेलं. ज्या खोलीत शाल दिली तीच खोली. साहेब तेच नव्हते, हे नवे होते, पण शालीचा फोटो त्यांना कोणी तरी दाखवला असावा. त्यांनी मला खुर्ची दिली.

"आजी, वाळूत पाय घसरला आणि वल्हं लागलं, असं झालं का?"

"वाळूत पाय घसरता काय खंय?"

"मग चुकून लागलं असेल. तुम्ही होडीवर वल्हं ठेवत होता..."

"चुकान नाय. नेम धरून मारलंय."

विनायकने कपाळावर हात मारला. "आये, गप ऱ्हव गो!"

"कित्याक गप ऱ्हवू? मारलंय ता मारलंय. तो मेलो काय, ता सांगा आधी."

साहेब म्हणाले, गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हलवलं आहे, उपचार चालू आहेत. विनायक लगेच म्हणाला, "बरो आसा तो, आये."

बरो आसा. आमच्या घरात हे शब्द मेलेल्या माणसाबद्दल बोलतात.

निदान

मला जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवलं. तिथे वेड्यांचा डॉक्टर आहे हे मला जाताना कोणी सांगितलं नाही, म्हणाले रक्तदाब तपासायचा आहे. हे करू नका. माणसाला खरं सांगून न्या. मी दारावरची पाटी वाचली आणि विनायकला तिथेच चार शब्द ऐकवले.

डॉक्टर म्हणजे एक बाई होती, विदर्भातली, माझ्या सुनेहून लहान. तिने पहिल्यांदा विचारलं, "आजी, तुम्ही खुर्ची का हलवली?"

मी खुर्ची हलवली होती हे माझ्या लक्षात नव्हतं. दार दिसेल अशी फिरवून ठेवली होती.

"रात्री किती झोपता?"

"म्हाताऱ्या माणसाला किती झोप लागते?"

"मोठा आवाज झाला तर?"

"उठते."

"त्या वेळी बसलेल्या असलात तर?"

मी दाराकडे बघितलं.

"कशाचा वास आला की मुंबईतला तो दिवस आठवतो का?"

तिला मुंबईचं कोणी सांगितलं मला माहीत नाही. विनायकने असेल. मी म्हटलं, "आठवायला विसरावं लागतं." मग मी तिला विचारलं, "तो पोलीस मेला का?"

ती म्हणाली, "मला माहीत नाही."

एवढ्या माणसांत "मला माहीत नाही" म्हणणारी ती पहिली होती. म्हणून पुढचं सगळं मी तिचं ऐकलं.

तिने आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. मला ते बोलता येत नाही. मला समजलं ते असं: अंगातला पहारेकरी एकदा घाबरून उठतो आणि मग त्याला कोणी सांगत नाही की आता जा घरी. तो वर्षानुवर्षं उभा राहतो. त्याला दोरी आणि साप, पाहुणा आणि चोर, सगळं सारखं दिसायला लागतं. मी तिला विचारलं, हे वेड का? ती म्हणाली, नाही, दुखणं आहे. औषध आहे. पूर्ण जाईल असं सांगत नाही, पण कमी होईल.

त्या दिवशी मी तिला बॅगेचं सांगितलं. नवऱ्याला मीच बसवलं तिथे, ते. ती "तुमचा दोष नाही" वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी उठून गेले असते. तिने विचारलं, "ती बॅग ठेवणाऱ्याचा चेहरा आठवतो?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तुम्ही इतकी वर्षं ओळखणार कोणाला होता?"

मला राग आला. घरी न्या म्हणून मी ओरडले. पण रात्रभर मी त्याच वाक्यापाशी होते.

वॉर्ड

गुन्हा नोंदवलेला होता म्हणून माझ्या खाटेशेजारी एक पोलीस मुलगी खुर्ची टाकून बसायची. सुषमा, कुणकेश्वरची. वॉर्डात सकाळी सहाला दिवे लागायचे, मग चहा, मग गोळ्या, मग ताप बघणारी, मग फरशी पुसणारी बाई, जी पाय वर घेतले नाहीत तर पायांवरून फडकं फिरवायची. शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर पदराची गाठ सोडायची आणि बांधायची. मी पहिल्या दिवशी कोण कधी आलं, कोण कधी गेलं ते मनात धरायला लागले. वही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुषमा म्हणाली, "आजी, डोळे मिटा जरा. दार मी बघतंय."

"आणि तुका झोप लागली तर?"

"माका झोप लागली तर माझी नोकरी जातली. तुमचा काय जाता?"

"तुझ्याकडे काठी आसा काय?"

"आसा. पण तुमच्यासारखी चलवक येणा नाय."

मला हसू आलं. मारल्यापासून पहिल्यांदा. मी दाराकडे बघत आडवी झाले. मग आठवतो तो दुसऱ्या दिवशीचा चहा.

उठले तेव्हा सुषमा खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून घोरत होती. काठी खाली पडली होती. दार सताड उघडं होतं. वॉर्डातल्या सगळ्या बायका होत्या तिथे होत्या. ती झोपली होती, मी झोपले होते, दोघींनी पहारा सोडला होता आणि काही झालं नव्हतं. डॉक्टरबाईने पुढे महिनाभर मला जे समजावलं, त्यातलं अर्धं मला त्या सकाळी कळलं. मी काठी उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि कोणाला सांगितलं नाही.

आजार उतरायला लागला की दुसरं एक होतं, ते कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. पहारा खाली ठेवला की हात रिकामे होतात आणि मग जे इतकी वर्षं मागे उभं होतं ते समोर येतं. मी नवऱ्यासाठी मुंबईहून आल्यावर रडले नव्हते. वॉर्डात रडले, आठ दिवस, जेवताना, केस विंचरताना. नर्स म्हणाली औषधाने होतं. होत असेल.

लता डबा घेऊन एक दिवसाआड यायची. डबा ठेवायची, कालचा उचलायची, जायची. एकदा मी तिला म्हटलं, "बस जरा."

ती उभीच राहिली. म्हणाली, "आये, आमी तुमका भियाक लागलेलो. तुमका ठावक आसा काय? माझा चेडू शाळेतसून इला की आधी खिडकेतसून बघी, आजी खंय बसली हा, मगे घरात येई."

मला ठाऊक नव्हतं. मी कोणापासून राखत होते त्यांना, आणि नात कोणाला बघून घरात येत होती.

"त्या पोलिसाचा काय झाला?" मी विचारलं.

"बरो आसा."

"तू बघलंस?"

"नाय. पण सगळे सांगतत मां."

डॉक्टरबाईनेही फोन करून विचारलं आणि मला सांगितलं की ते जिवंत आहेत असं कळलं. कळलं. सुषमा शपथ घेऊन म्हणाली, आमच्या खात्यातला माणूस आहे, मेला असता तर मला कळलं नसतं का? विनायक म्हणाला, पेपरात आलं असतं. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. गोळी घ्यायचे, झोपायचे, आणि उठल्यावर पहिला विचार हाच, की त्याच्या आईकडे पुढच्या सीटवर भटजी बसलेली गाडी गेली असेल. हे औषधाने जात नव्हतं. डॉक्टरबाईलाही ते माहीत होतं. ती म्हणाली, "काही गोष्टी बघितल्याशिवाय संपत नाहीत. पण आधी चालण्याइतक्या बऱ्या व्हा."

कट्ट्याच्या पुढे

जामिनावर घरी आल्यावर महिन्याने मी लताला म्हटलं, मला त्याच्या घरी ने. विनायक नको म्हणाला. केस चालू आहे, वकील म्हणाला आहे की तिकडे फिरकू नका. मी म्हटलं, "वकिलाक झोप लागता, माका नाय." लताने साडी बदलली.

आम्ही एस.टी.ने कट्टा गावाला गेलो. गाडीत एका बाईने माझ्या पायाशी बोचकं ठेवलं आणि स्टॉपवर केळी घ्यायला उतरली. मी लताचं मनगट धरलं. डॉक्टरबाईने शिकवलं होतं तसं दिसतं ते एकेक मनात बोलले: सीट निळी, दांडा गंजलेला, ड्रायव्हरच्या पुढ्यात गणपती. बाई केळी घेऊन आली. लताच्या मनगटावर माझी चार बोटं उमटली होती. ती म्हणाली, "घराकडे ऱ्हवलेला हळदीचा तेल लावचा लागतला," आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

कट्ट्यावरून पुढे रिक्षाने. भातशेतीचं गाव, काजूच्या बागा. सुषमाने सांगितलेलं नाव, नीलेश, घेऊन घर विचारत गेलो. खळ्यात एक बाई काजूच्या बिया वाळत पसरत होती.

"कोण व्हया?"

"नीलेश पोलिसाचा घर ह्याच काय?"

"व्हय. मी आवस तेची. तुमी कोण?"

"मी ती वल्ह्याची म्हातारी."

तिचे हात थांबले. ती उठली. सूप तसंच हातात होतं.

"बसा म्हणान म्हणूचंय नाय मी."

"बसाक इलंय नाय. झील जिवंत आसा काय ता बघूक इलंय."

"मेलो असतो तर मी हयसर बियो सुकत घालीत बसलंय असतंय?"

"माझो घोव मेल्यार माका दोन दिवस बरो आसा म्हणान सांगलेले. तेव्हापासून मी कोणाचा सांगणा धरणंय नाय. माका दाखवा. मगे जातंय."

तिने सूप वर उचललं. मला वाटलं सूप फेकून मारेल. मारलं असतं तर मी बाजूला झाले नसते. लताने माझ्या मागून एक पाऊल पुढे टाकलं. मग ती बाई घराकडे तोंड करून ओरडली, "नीलेश! भायर ये रे. हिका तोंड दाखव."

आतून काही आवाज आला नाही. तेवढ्या वेळात मी सगळं ठरवून टाकलं. आत खाटेवर असेल, बोलता येत नसेल, कोणी तरी उचलून आणेल. किंवा कोणीच येणार नाही आणि ही बाई वेडी झालेली असेल, माझ्यासारखी, रोज हाक मारत असेल.

मग तो आला. उजवा हात दाराच्या चौकटीवर ठेवून, हळू. डोकं एका बाजूने भादरलेलं, केस बोटभर वाढलेले. लुंगी, बनियन. तो उजवा कान पुढे करून बघत होता. आईने परत सांगितलं, मोठ्याने, "वल्ह्यावाली!"

त्याने मला नीट बघितलं आणि विचारलं, "मावशे, तुमी माका कसा काय ओळखलास? तीस माणसांनी ओळखल्यानी नाय."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मी म्हटलं, "पाय बघलंय तुझे. घोट्याक मोज्याचो पांढरो पट्टो. आणि दोरी तू हातान ओढी होतंस. दोरी कमरेन ओढतत."

"मोजे!" तो म्हणाला. "आणि मी म्हणतंय, पिशवीच्यान कळला." आणि तो हसायला लागला, चौकट धरून.

"हसतंस काय मेल्या! डोक्यात कळ येतली!" आई ओरडली.

"सायबांका सांगूक व्हया. फुडच्या ड्रिलाक चार दिवस आधी अनवाणी फिरवा म्हणान."

"फुडचा ड्रिल? तुझेच पाय मोडून ठेवतंय मी!"

मी म्हटलं, "पिशवीच्यानच. पाय मगे बघलंय." त्याला ते ऐकू आलं की नाही माहीत नाही. मग मी त्याच्या आईला म्हटलं, "मी चुकलंय."

ती म्हणाली, "तुमका बोलूक सोपा आसा. रातचो उठून आवशीक विचारता, ह्यो कान वाजता तो कधी थांबतलो. तेका काय सांगू मी?"

मी डॉक्टरबाईचं नाव आणि वार सांगितला. म्हटलं, कानाचं ती बघत नाही, पण रात्री उठण्याचं बघते. तिने ऐकून घेतलं. पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं. पाणी आम्ही कट्ट्याला येऊन प्यायलो.

आता मी रोज एक गोळी घेते. तांब्या दारावरून काढला आहे. शालीचा फोटो मीच उतरवला. ओटीवर बसते, पण समुद्राकडे पाठ करून अजून बसता येत नाही, येईल असंही वाटत नाही. ड्रिल लागलं की विनायक मला आदल्या दिवशी खाडीपलीकडे बहिणीकडे नेऊन ठेवतो आणि मी जाते. तुमच्या घरात कोणी रात्रभर दार बघत असेल तर त्याला शूर म्हणू नका. दवाखान्यात न्या, आणि कुठे नेताय ते सांगून न्या.

केस चालू आहे. जो निकाल लागेल तो मी घेईन. नीलेश चौकीत टेबलावरच्या कामावर परत गेला आहे. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

मुंबईत माझा नवरा मेला. रापणीवर नीलेश जगला. मी दोन्ही वेळा जगले.